तळटिपांतील राज्य

(हीरकमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीची गोडी वेगळी सांगावी लागत नाही. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हापासून हरिभाऊ आपट्यांपर्यंत आणि तेथून ‘स्वामी’ (१९६२), ‘छावा’ (१९७९) यांच्यापर्यंत हा ओघ अखंड वाहत आला आहे. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत देवघराच्या खालोखाल मानाची जागा असते ती या ग्रंथांना. अद्भुताचेही आपल्याला वावडे नाही. ‘मोचनगड’च्या दहा वर्षे आधी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली होती. आणि भरतमुनींच्या परंपरेने तर अद्भुताला रसाचे स्थान देऊन विस्मय हा त्याचा स्थायिभाव ठरवून ठेवला आहे. मात्र ही दोन प्रकारची पुस्तके कपाटाच्या वेगवेगळ्या फळ्यांवर राहिली. इतिहासाची फळी मोठ्यांची, अद्भुताची मुलांची. एक अभिमानासाठी, दुसरी उन्हाळ्याच्या सुटीसाठी. इतिहासात कोणी अद्भुत मिसळले की ते रसायन न वाटता भेसळ वाटते.

या समजुतीला धक्का देणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. सुझॅना क्लार्क या लेखिकेची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ ही कादंबरी २००४ साली ब्लूम्सबरी या लंडनच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. हॅरी पॉटरची पुस्तके याच संस्थेची, त्यामुळे ‘मोठ्या माणसांचा हॅरी पॉटर’ अशी दवंडी आधीच पिटली गेली होती. पाने आठशेच्या आसपास, लेखिकेची पहिलीच कादंबरी, आणि विषय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधील दोन जादूगारांचे सख्य आणि वैर. एवढ्या माहितीवर सरावलेला वाचक मनाशी अंदाज बांधतोच. एखादा पोरका मुलगा असेल, एखादी तलवार किंवा अंगठी असेल, काळ्या वस्त्रांतला कोणी महादुष्ट असेल आणि शेवटी घनघोर रणकंदन. टोल्कीननंतर इंग्रजी अद्भुतकथेचा हा साचा इतका रूढ झाला आहे की पहिल्या प्रकरणावरून शेवटचे सांगता यावे.

पुस्तक उघडावे, तर समोर येते ती एका विद्वत्सभेची मासिक बैठक.

यॉर्क शहरातील सभ्य जादूगारांची ही सभा दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी भरते. सभासद एकमेकांना इंग्लंडमधील जादूच्या इतिहासावर प्रदीर्घ आणि कंटाळवाणे निबंध वाचून दाखवतात. त्यांच्यापैकी कोणीही आयुष्यात एकदाही जादू केलेली नाही. १८०६ च्या शरद ऋतूत जॉन सेगंडस हा नवा सभासद साधाच प्रश्न विचारतो, की इंग्लंडमध्ये आता जादू का घडत नाही? आणि सभा खवळून उठते. अशा सभा मराठी मंडळींना परक्या वाटू नयेत. ज्या विद्येवर आयुष्यभर बोलायचे तिला हात म्हणून लावायचा नाही, हा दंडक आपल्याकडेही सुखाने नांदतो.

क्लार्कच्या प्रतिभेचा पहिला अनपेक्षित विशेष येथेच दिसतो. तिच्या इंग्लंडमध्ये जादू ही चमत्काराची गोष्ट नसून लुप्त झालेली विद्या आहे. बाराव्या शतकाच्या प्रारंभी जॉन अस्कग्लास नावाचा, यक्षलोकात वाढलेला एक मानवपुत्र सैन्यासह इंग्लंडच्या उत्तरेत उतरला आणि त्याने तेथे तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले, अशी कल्पना आहे. डोमकावळ्यांचा राजा म्हणून लोक त्याला ओळखतात. एके दिवशी तो निघून गेला आणि हळूहळू विद्याही ओसरली. उरले ते ग्रंथ, आख्यायिका, गावांची नावे आणि विद्वानांचे वाद. (मूळ इंग्रजी शब्दासाठी येथे ‘परी’ न म्हणता ‘यक्ष’ म्हणणे श्रेयस्कर. पंख असलेल्या गोजिरवाण्या पऱ्यांशी या मंडळींचे काही नाते नाही. ते देखणे, लहरी, विस्मरणशील आणि निर्दय आहेत. प्रसन्न झाले तरी धोका, रुष्ट झाले तरी धोका.)

या राज्याचा इतिहास कादंबरी सरळ सांगत नाही. तो येतो तळटिपांतून. पुस्तकात जवळजवळ दोनशे तळटिपा आहेत. अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे गंभीर हवाले, त्यांच्या आवृत्त्यांतील पाठभेद, टीकाकारांची भांडणे, मध्येच एखादी लोककथा, असे त्यांचे स्वरूप. काही टिपा इतक्या वाढतात की वरचा मजकूर पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो. प्रारंभी वाचक त्या ओलांडून पुढे जातो. शंभरेक पानांनंतर त्याच्या ध्यानात येते की खरा खजिना पानाच्या तळाशी आहे.

बखरी चाळलेल्या वाचकाला या युक्तीचे मर्म चटकन उमगेल. आपल्या बखरींत लढाईच्या हकिकतीशेजारीच दृष्टान्त, शकुन, देवीचा प्रसाद ही सारी सामग्री बिनदिक्कत येते. पुढे राजवाड्यांसारख्या संशोधकांनी बखरीपेक्षा अस्सल कागदाला प्रमाण मानले आणि अद्भुताचा तो भाग चाळून बाजूला काढला गेला. क्लार्कने याच्या बरोबर उलटे केले. बखर इतिहासाला अद्भुताचा साज चढवते. क्लार्क अद्भुताला अस्सल कागदाचा साज चढवते. जादूविषयी ती कोठेही विस्मयाने डोळे विस्फारून बोलत नाही. तिची भाषा जेन ऑस्टिनच्या काळातील शांत, मिस्कील, दिवाणखान्यातली भाषा आहे. काही शब्दांचे लेखनही तिने मुद्दाम त्या जुन्या वळणाचे ठेवले आहे. जेवणाच्या मेजावर कोणी कोणाचा अपमान केला, हे ज्या स्वरात सांगायचे त्याच स्वरात ती मेलेली स्त्री उठून बसल्याचे सांगते. विश्वास बसतो तो या स्वरामुळे.

आता त्या दोन जादूगारांकडे वळू. गिल्बर्ट नॉरेल हा यॉर्कशरमधील एक श्रीमंत, भित्रा, संशयी, नीरस गृहस्थ. मात्र अख्ख्या इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष जादू करू शकणारा तोच एक. यॉर्कच्या सभासदांना तो प्रमाण दाखवायला तयार होतो, पण एका अटीवर: जादू खरी ठरली तर सर्वांनी लेखी करार करून जादूगार हे बिरुद सोडायचे आणि सभा विसर्जित करायची. सारे सही करतात. सेगंडस तेवढा करत नाही. मग एका हिवाळी दिवशी यॉर्कच्या कॅथीड्रलमधील पाषाणमूर्ती एकाएकी बोलू लागतात. त्यांतही पहिला आवाज येतो तो उंचावरच्या एका नगण्य मूर्तीचा. शतकांपूर्वी याच जागी एका मुलीची हत्या झाली, ती आपण पाहिली, पण कोणी ऐकले नाही, असा तिचा आक्रोश आहे. खाली उभे असलेले विद्वान जादूच्या खरेपणाची चर्चा करत राहतात. त्या मुलीचे काय झाले, हे तेव्हाही कोणी विचारत नाही.

हा प्रसंग ओघात येतो आणि ओघात निघून जातो. पहिल्या वाचनात तो एक चमत्कार वाटतो. दुसऱ्या वाचनात मात्र लक्षात येते की पुढच्या साऱ्या कादंबरीचे बीज तेथे पेरलेले आहे.

दुसरा जादूगार जोनाथन स्ट्रेंज. तरुण, सधन, काहीसा आळशी, पण जातिवंत प्रतिभेचा. तो नॉरेलचा शिष्य होतो आणि फ्रान्सविरुद्धच्या युद्धात पोर्तुगालमध्ये वेलिंग्टनच्या छावणीत दाखल होतो. वेलिंग्टनला त्याचा प्रथम काही उपयोग दिसत नाही. स्ट्रेंज सैनिकांत राहतो, त्यांच्याबरोबर चिखल तुडवतो आणि मग त्याला उमजते की या फौजेला वज्र किंवा अग्निवर्षाव नको, चालायला धड रस्ते हवे आहेत. तो जादूने रस्ते तयार करतो. सैन्य पुढे सरकले की ते मागे लोप पावतात, म्हणजे शत्रूला त्यांचा लाभ नाही. जादूसारख्या विषयावर लिहिताना लेखिकेला सार्वजनिक बांधकाम सुचावे, यातच तिचे वेगळेपण आहे.

मराठी वाचक या प्रकरणाशी जरा अधिक थांबेल, कारण हा वेलिंग्टन आपल्या ओळखीचा आहे. पोर्तुगालला जाण्याआधी काही वर्षे तो आर्थर वेलस्ली या नावाने दख्खनमध्ये होता. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली. मराठ्यांच्या तोफखान्याने त्याच्या सैन्याची त्या दिवशी जी दुर्दशा केली ती इंग्रज इतिहासकारांनीच नोंदवून ठेवली आहे. लढाईपूर्वी केळणा नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाडे निक्षून सांगत होते. वेलस्लीने पलीकडच्या आणि अलीकडच्या काठांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी पाहिली आणि ताडले की ज्याअर्थी गावे अशी वसली आहेत त्याअर्थी त्यांच्यामध्ये पायवाट असणारच. उतार होता; तेथूनच त्याची फौज पलीकडे गेली. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही तो आपल्या रणकर्तृत्वात असईलाच अग्रस्थान देत असे, असे सांगतात. जेथे रस्ता नाही तेथे रस्ता पाहणारा हा सेनापती आणि जेथे रस्ता नाही तेथे तो घडवणारा जादूगार यांची भेट कादंबरीत वाचताना असईच्या त्या दोन खेड्यांची आठवण मराठी मनाला व्हावी, हे स्वाभाविक आहे. क्लार्क त्यांचा उल्लेख करत नाही. ती तळटीप आपल्याला आपल्या हाताने लिहावी लागते.

इतिहासाशी खेळण्याच्या आणखी एका तऱ्हेचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. कोल्हापुरात जन्मलेले आणि वाराणसीत वाढलेले डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा अनेकांनी वाचली असेल. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले आणि हिंदुस्थानचा पुढचा सारा इतिहास पालटला. एक गोळी बदलायची आणि परिणामांचा माग काढत जायचे, ही शास्त्रज्ञाची रीत. ती नारळीकरांनी उत्तम निभावली.

क्लार्कचा मार्ग वेगळा आहे आणि प्रथमदर्शनी तो विचित्र वाटतो. तिने तीनशे वर्षांचे आख्खे राज्य इतिहासात घुसवले, इंग्लंडच्या सेनेला जादूगार दिला, वॉटर्लूच्या आधी ब्रसेल्स शहर उचलून काही काळ अमेरिकेत नेऊन ठेवले. आणि तरीही वॉटर्लू १८१५ च्या जूनमध्येच होते, नेपोलियन तेथेच हरतो, वेडावलेला तिसरा जॉर्ज राजवाड्यात तसाच बसून राहतो. कवी बायरन येऊन जातो तोही इतिहासातल्यासारखाच. मग एवढा खटाटोप कशासाठी? काही समीक्षकांना हे वैगुण्य वाटले. नीट पाहिले तर तेच या पुस्तकाचे प्रयोजन आहे. घडलेले बदलण्यात लेखिकेला रस नाही. घडलेल्या इतिहासात ज्यांचे बोलणे कोणी टिपून ठेवले नाही, त्यांच्याकडे तिचे लक्ष आहे.

लेडी पोल या तरुण स्त्रीचे उदाहरण घ्यावे. मंत्र्याची ही वाग्दत्त वधू लग्नापूर्वीच मरण पावते. सरकारदरबारी वजन वाढावे या हेतूने नॉरेल तिला जिवंत करतो. पण त्यासाठी त्याला, ज्यांच्याशी व्यवहार करू नये असे तो स्वतःच सगळ्यांना बजावत असतो, अशा एका यक्षाला पाचारण करावे लागते. रुईच्या म्हातारीसारखे तरल पांढरे केस असलेला हा यक्ष मोबदल्यात तिचे अर्धे आयुष्य मागून घेतो. नॉरेल समजतो, पंचाहत्तर वर्षांची सदतीस झाली. यक्षाचा हिशेब निराळा असतो: दिवस पतीच्या घरी, प्रत्येक रात्र यक्षाच्या उदास महालात, अखंड नाचत. आपल्याकडील वर आणि उःशाप यांच्या कथांत शब्दांची अशीच फट अनर्थाला वाट देते. दारुण गोष्ट पुढेच आहे. लेडी पोल आपली व्यथा सांगायला तोंड उघडते तेव्हा भलत्याच, असंबद्ध कथा तिच्या तोंडून बाहेर पडतात. ऐकणारे माना हलवतात, वैद्य औषधे बदलतात, आणि ती सांगायचे सोडून देते. ज्यांनी ज्यांनी घरातील एखाद्या स्त्रीचे बोलणे ‘तिचे आपले काहीतरीच’ म्हणून मोडीत निघताना पाहिले आहे, त्यांना येथे जादूची आवश्यकता भासणार नाही.

दुसरे उदाहरण स्टीफन ब्लॅक याचे. सर वॉल्टर पोल यांच्या घरचा हा कृष्णवर्णी कारभारी. त्याचा जन्म गुलामांना वाहून नेणाऱ्या जहाजावर झाला. आई प्रसूतीतच गेली. तिने मनात ठेवलेले नाव कोणाला कळलेच नाही. ‘ब्लॅक’ हे आडनाव मालकांनी कातडीकडे पाहून दिलेले. हा माणूस त्या घरातला सर्वांत सुसंस्कृत, सर्वांत कार्यक्षम पुरुष आहे आणि तरीही त्याला स्वतःचे खरे नाव ठाऊक नाही. यक्षाची मर्जी त्याच्यावर बसते. तो त्याला राजा करण्याच्या बाता मारतो. स्टीफनचे पुढे काय होते ते येथे सांगणे वाचकांवर अन्याय होईल. एवढेच म्हणावेसे वाटते की दोन नामांकित जादूगारांच्या नावाने निघालेल्या या ग्रंथाचा खरा नायक कोण, याविषयी शेवटी मतभेद संभवतो.

ज्यांचे बोलणे ऐकले जात नाही ती माणसे आणि पानाच्या तळाशी ढकलले गेलेले राज्य, या दोन गोष्टी लेखिकेने वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. म्हणून त्या तळटिपा हा केवळ विद्वत्तेचा विनोद राहत नाही. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना हे कोणी समजावून सांगावे लागू नये. घरी ज्या इतिहासाचे खंडच्या खंड असतात तो बाहेरच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात आटोपतो. घरी ज्या भाषेत आजी ओव्या म्हणते ती भाषा शेजारच्या गल्लीत ‘तुमची ती कोणती बोली’ होऊन जाते. मुख्य मजकूर कोणाचा आणि तळटीप कोणाची, हे कोण ठरवते, असा प्रश्न या मुलांना फार लवकर पडतो. बहुतेकांना तो शब्दांत मांडता येत नाही, एवढेच. क्लार्कच्या उत्तर इंग्लंडमधील लोक अजूनही डोमकावळ्यांच्या राजालाच आपला राजा मानतात आणि लंडनचा राजा त्यांच्यालेखी केवळ विश्वस्त असतो, हे वाचताना अशा मुलाच्या चेहऱ्यावर हसू उमटले तर नवल नाही.

या कादंबरीचा सर्वांत मार्मिक भाग ग्रंथालयाविषयीचा आहे. जादूवरचे ग्रंथ आणि जादूचे ग्रंथ, असे दोन प्रकार ती सांगते. पहिले दुय्यम, भाष्यकारांचे. दुसरे विद्या जिवंत होती त्या काळी लिहिलेले, म्हणून अनमोल. नॉरेलने आयुष्यभर पैसा ओतून दुसऱ्या प्रकारचे ग्रंथ विकत घेतले आणि आपल्या घरात कोंडून ठेवले. इंग्लंडमध्ये विद्या परत यावी असे तो तळमळीने म्हणतो. पण ती परत यावी ती त्याच्या एकट्याच्या हातून. शिष्यालाही तो निवडक पुस्तके देतो आणि बाकीची लपवतो. शेवटी गुरुशिष्यांत फूट पडते. स्ट्रेंजचा ग्रंथ प्रसिद्ध होतो आणि कादंबरीतील तो प्रकाशक जॉन मरे याच खऱ्याखुऱ्या नावाचा आहे. नॉरेल तेव्हा जादू करून त्या ग्रंथाच्या प्रती दुकानांतून, घरांतून, लोकांच्या हातांतून नाहीशा करतो.

नॉरेल खलपुरुष नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पुस्तकांवर त्याचे प्रेम निर्व्याज आहे. त्याला वाटते की ही विद्या चुकीच्या हाती पडली तर अनर्थ होईल, आणि कधीकधी त्याचे म्हणणे खरेही ठरते. म्हणूनच तो भयावह आहे. अशा सद्‌हेतूची कुलपे सर्वत्र असतात. मुलांनी पुस्तके खराब करू नयेत म्हणून बंद ठेवलेली कपाटे, परीक्षा होईपर्यंत वर्ज्य ठरवलेल्या कादंबऱ्या, ‘हे तुझ्या वयाचे नाही’ आणि काही वर्षांनी ‘आता हे वाचायचे तुझे वय नाही’. अवांतर वाचन हा आपला शब्दच पाहावा. जे पेपरात येणार नाही ते अवांतर. मूल वाचनाचे पहिले धडे मात्र त्या अवांतरातच गिरवते.

येथे एक रहस्य फोडणे भाग आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. डोमकावळ्यांच्या राजाने लिहिलेला एकमेव ग्रंथ नॉरेलच्या ग्रंथालयात नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला तो ग्रंथ एका माणसाने दारूच्या पैजेत अक्षरशः खाऊन टाकला. पुढे त्याला मुलगा झाला, त्याच्या अंगावर निळसर अक्षरे घेऊन. तो मुलगा म्हणजे लंडनच्या रस्त्यावर पिवळ्या पडद्याआड बसून भविष्य सांगणारा, नॉरेलने भोंदू म्हणून हुसकावलेला व्हिन्क्युलस. राज्यातील सर्वांत मोलाचा ग्रंथ गटारात झोपत होता आणि स्वतः काय आहोत ते तो वाचू शकत नव्हता. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली आणि लोकांच्या कंठाने ती तारली, ही परंपरा ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे त्यांना ग्रंथ माणसाच्या देहात राहू शकतो, हे पटवून द्यावे लागणार नाही. मात्र तुकोबांची अक्षरे स्थिर आहेत. व्हिन्क्युलसच्या अंगावरची शेवटी बदललेली आढळतात.

दोषही सांगितले पाहिजेत. पहिला तिसरा भाग संथ आहे, आणि लंडनमधील खुशमस्कऱ्यांची प्रकरणे निम्मी करूनही चालली असती. नॉरेल त्या भागात इतका कंटाळवाणा रंगवला आहे की कंटाळा वाचकापर्यंत पोहोचतो. स्ट्रेंजची पत्नी ॲराबेला हिला लेखिकेने द्यायला हवा होता तेवढा अवकाश दिलेला नाही. आवाज हिरावलेल्या स्त्रियांची कथा सांगणाऱ्या पुस्तकात ही उणीव जाणवते. तथापि स्ट्रेंज युद्धावर निघाला की पुस्तक वेग घेते आणि मग शेवटपर्यंत खाली ठेववत नाही.

हे लेखन एका झपाट्यात झालेले नाही. क्लार्क इटली आणि स्पेनमध्ये इंग्रजी शिकवून परतली, केंब्रिजमध्ये पाककलेच्या पुस्तकांचे संपादन करू लागली आणि नोकरी सांभाळून दहा वर्षे तुकड्यातुकड्यांनी लिहित राहिली. आधी सुटे प्रसंग, मग त्यांना सांधणारी कथा. पुस्तक आले तेव्हा बुकर पारितोषिकाच्या विस्तृत यादीत त्याचे नाव होते, आणि २००५ साली ह्यूगो व वर्ल्ड फँटसी हे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले. बीबीसीने २०१५ मध्ये त्यावर सात भागांची मालिकाही काढली. मात्र लेखिकेला दीर्घ आजाराने ग्रासले. दुसरी कादंबरी, ‘पिरानेसी’, यायला २०२० साल उजाडले. ती जेमतेम अडीचशे पानांची आहे आणि तिला २०२१ चे विमेन्स प्राइझ मिळाले. नववी-दहावीच्या वाचकाने आठशे पानांना भिऊ नये म्हणून प्रथम ‘पिरानेसी’ हाती घ्यावी, हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा, की ‘जोनाथन स्ट्रेंज’च्या केवळ तळटिपा वाचाव्यात. त्या लोककथांसारख्या सुट्या वाचता येतात.

आणि करारावर सही न करणारा तो सेगंडस? त्याची कथा बहुतेक परिचयलेखांत गाळली जाते. मोठ्या लढाया आणि मोठी वैरे चालू असताना हा निर्धन, सौम्य मनुष्य यॉर्कशरमधील स्टारक्रॉस नावाच्या एका जुन्या घरात शाळा काढायचे ठरवतो. जादू शिकवणारी शाळा. मित्र हनीफूट साहाय्याला येतो, एका धनाढ्य विधवेचा आश्रय मिळतो, खोल्यांची आखणी होते. तेवढ्यात नॉरेलचा माणूस येऊन बजावतो की अशी शाळा चालू दिली जाणार नाही. सेगंडसकडे सत्ता नाही, पैसा नाही, ग्रंथ नाहीत. तो मुकाट्याने शाळेचा बेत सोडतो आणि त्याच घरात मनोरुग्णांची शुश्रूषा करण्याचे काम पत्करतो. तेथे एके दिवशी लेडी पोलला आणून सोडतात. थोर थोर वैद्यांना न दिसलेले काहीतरी त्याला तिच्या मुखाशी दिसते: एक गुलाब. मग तो आणि हनीफूट तिच्या त्या असंबद्ध कथा, प्रथमच, पहिल्यापासून शेवटपर्यंत कान देऊन ऐकू लागतात.